ऑपरेशन स्टारलाइट, व्हिएतनाम १९६५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनाम युद्धाबद्दल लिहायला लागलं की हेलिकॉप्टरचे तेच ते फोटो पुढे येतात आणि मग लोक विचारतात की समुद्रातून आणि आकाशातून एकाच वेळी उतरून गनिमांना कोंडीत पकडायचं हे खरंच जमलं होतं का कधी. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे स्टारलाइट. मला या लढाईबद्दल मनापासून वाटतं की ती जिंकल्याचं जे सांगितलं गेलं त्यापेक्षा त्या दोन दिवसांत भाताच्या खाचरांत काय झालं ते कळणं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत.

प्रश्न : स्टारलाइट म्हणजे नेमकं काय?

१८ ते २४ ऑगस्ट १९६५ या काळात अमेरिकन मरीननी (समुद्रातून उतरून लढणारं, लष्करापेक्षा वेगळं सैन्यदल) दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, क्वांग न्गाई प्रांतात, वान तुओंग नावाच्या गावांच्या पट्ट्यात व्हिएतकाँगच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनाम सरकार आणि अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांच्या, पहिल्या रेजिमेंटवर केलेली कारवाई. व्हिएतनाममधली अमेरिकेची ही पहिली रेजिमेंट लेव्हलची मोठी लढाई (रेजिमेंटमध्ये काही बटालियन, बटालियनमध्ये कंपन्या, कंपनीत प्लाटून). त्याच्या आधी मार्च १९६५ मध्ये मरीन दा नांगला उतरले होते पण तेव्हा काम मुख्यतः विमानतळ सांभाळायचं होतं, शोधून जाऊन भिडायचं नाही. खरी लढाई पहिल्या दोन दिवसांतच झाली, पुढचे दिवस भुयारं आणि गावं तपासण्यात गेले.

प्रश्न : तिथेच का? वान तुओंगमध्ये एवढं काय होतं?

वान तुओंगच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर चू लाय. तिथे मरीननी वाळूवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या अंथरून धावपट्टी बनवली होती आणि १ जून १९६५ ला पहिली विमानं उतरली पण. म्हणजे नवाकोरा तळ, विमानं उघड्यावर, आणि आजूबाजूला गनिमांचा मुलूख. पहिली व्हिएतकाँग रेजिमेंट काही साधीसुधी टोळी नव्हती, मे महिन्याच्या शेवटी याच रेजिमेंटनं बा जिया इथे दक्षिण व्हिएतनामी सैन्याची वाट लावली होती आणि जुलैमध्ये परत तिथेच हल्ला केला. तीच रेजिमेंट आता चू लायच्या तळावर येणार असं मरीनना वाटत होतं, त्यामुळे ती यायच्या आत आपण जायचं असं ठरलं.

प्रश्न : ती तिथे आहे हे कळलं कसं?

१५ ऑगस्टला व्हिएतकाँगचा एक तरुण सैनिक पळून दक्षिण व्हिएतनामी बाजूला आला आणि त्या भागाचे कमांडर जनरल न्गुयेन चान थी यांनी स्वतः त्याची चौकशी केली. रेजिमेंट वान तुओंगमध्ये आहे, साधारण दीड हजार माणसं, ही माहिती त्यानं दिली. थींनी ती मरीनचे जनरल लुईस वॉल्ट यांच्याकडे पोचवली. मरीनकडे रेडिओ सिग्नल पकडून मिळालेले संकेत पण होते, त्यामुळे दोन्ही जुळलं आणि वॉल्टनी फार वेळ घालवला नाही. तीन दिवसांत सगळं उभं केलं. माहिती फुटू नये म्हणून दक्षिण व्हिएतनामी बाजूच्या अगदी मोजक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच सांगितलं होतं, खालच्या सैन्याला पत्ताच नाही. फितुरीची भीती होती आणि ती भीती खोटी नव्हती.

प्रश्न : समुद्र आणि हेलिकॉप्टर दोन्ही कशाला? एकानं भागलं नसतं का?

नुसतं समुद्रातून उतरलात तर गनिम मागच्या मागे डोंगराकडे सटकतो, हे फ्रेंचांच्या काळापासून होत आलेलं. नुसतं हेलिकॉप्टरनं उतरलात तर तुमच्याकडे रणगाडे नाहीत, जड दारूगोळा नाही, आणि एका फेरीत माणसं किती येणार, त्या काळचं यूएच-३४ हेलिकॉप्टर उन्हाळ्यात पूर्ण सामानासकट सात-आठ जणांच्या वर नेऊ शकत नव्हतं. वान तुओंगची जागा म्हणजे समुद्रात घुसलेला जमिनीचा तुकडा, पूर्वेला पाणी. मग प्लॅन असा की पूर्वेच्या किनाऱ्यावर एक बटालियन रणगाड्यांसकट उतरेल, पश्चिमेला आतल्या बाजूला दुसरी बटालियन हेलिकॉप्टरनं तीन ठिकाणी उतरेल, उत्तरेला त्रा बोंग नदीच्या बाजूला एक कंपनी आदल्या दिवशीच जाऊन वाट अडवून बसेल, आणि मग सगळे आत दाबत आणतील. कागदावर हे फारच सुंदर दिसतं. नकाशावर बाण काढले की चारही बाजू बंद दिसतात. प्रत्यक्षात हेलिकॉप्टरची तीन ठिकाणं एकमेकांपासून एवढी लांब होती की मधल्या जागेतून गावं, ओढे, बांबूची बेटं, सगळं मोकळं होतं.

प्रश्न : कोण कोण होतं यात?

सगळ्याचा कारभार कर्नल ऑस्कर पीट्रॉस यांच्याकडे, सातव्या मरीन रेजिमेंटचे कमांडर. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये पाणबुडीतून जाऊन माकिन बेटावर छापा मारणाऱ्यांपैकी, तेव्हा त्यांची होडी भलतीकडेच लागली होती आणि मूठभर माणसांसह ते जपान्यांच्या मागे जाऊन पोचले होते. म्हणजे किनाऱ्यावर उतरताना काय काय बिघडू शकतं हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. किनाऱ्यावर उतरणारी तिसऱ्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, कमांडर लेफ्टनंट कर्नल जोसेफ म्युअर. हेलिकॉप्टरनं जाणारी चौथ्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, कमांडर लेफ्टनंट कर्नल जोसेफ फिशर, यांना सगळे ‘बुल’ म्हणायचे, कोरियात नाव कमावलेला अधिकारी. राखीव म्हणून सातव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, ती तेव्हा फिलिपिन्समध्ये सुबिक बेला होती आणि तिथून जहाजानं यायची होती. सगळे मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. समुद्रात क्रूझर गॅल्व्हेस्टन आणि डिस्ट्रॉयर, त्यांच्या तोफा मदतीला. चू लायहून विमानं, लष्कराची पण काही हल्ला करणारी हेलिकॉप्टरं.

प्रश्न : नाव स्टारलाइट कसं पडलं?

ठरलेलं नाव सॅटेलाइट होतं. आदेश टाईप करताना जनरेटर गेला, मेणबत्तीच्या उजेडात कारकुनानं स्टारलाइट टाईप केलं आणि तेच राहिलं. एवढीच गोष्ट आहे.

प्रश्न : १८ तारखेला सकाळी सुरुवात कशी झाली?

सकाळी सव्वासहाला चू लायच्या बाजूनं १५५ मिमीच्या तोफांनी हेलिकॉप्टर उतरायच्या जागांवर मारा सुरू केला, मग वीस विमानांनी तिथेच १८ टन बॉम्ब आणि नापाम (चिकटून जळत राहणारं इंधन) टाकलं. किनाऱ्यावर मात्र एवढा मारा केला नाही कारण आन कुओंग (१) नावाचं गाव अगदी लागूनच होतं (एकाच नावाच्या वस्त्या ओळखायला असे आकडे), तिथे विमानांनी फक्त तोफांची फैर झाडली. साडेसहाला म्युअरची बटालियन अ‍ॅमट्रॅकमधून, म्हणजे पाण्यातून थेट किनाऱ्यावर चढणाऱ्या गाड्यांतून, ग्रीन बीच असं नाव दिलेल्या किनाऱ्यावर उतरली आणि किनाऱ्यावर विरोध फारसा झालाच नाही, थोडाफार गोळीबार तेवढा. साधारण पावणेसातला हेलिकॉप्टरं पश्चिमेला रेड, व्हाइट आणि ब्लू या तीन ठिकाणी उतरायला लागली. रेड आणि व्हाइटवर पण सुरुवातीला फार काही घडलं नाही. सगळं घडलं ते ब्लूवर.

प्रश्न : लँडिंग झोन ब्लूवर काय झालं?

एच कंपनी, कमांडर लेफ्टनंट होमर जेन्किन्स. ही जागा व्हिएतकाँगच्या ६० क्रमांकाच्या बटालियनच्या जवळजवळ डोक्यावरच निघाली, नकाशा बघून निवडताना कोणाला माहीत नव्हतं. आणि बघा शत्रूनं काय केलं, पहिली हेलिकॉप्टरं आली तेव्हा तो गप्प बसला. उतरू दिलं. मग पुढच्या फेऱ्या यायला लागल्यावर शेजारच्या टेकडी ४३ वरून आणि आजूबाजूच्या झाडीतून मशीनगन सुरू केल्या. आता विचार करा, खाली आधीच उतरलेली माणसं मोकळ्या शेतात, वर हेलिकॉप्टरं अर्ध्या वाटेवर, परत फिरवावीत तर खालचे एकटे पडतात, उतरवावीत तर ती गोळ्यांच्या तोंडात. यूएच-३४ चा सांगाडा मॅग्नेशियमचा, पेटला की विझत नाही, हे पायलटना पण ठाऊक होतं. तरी ते येत राहिले, याबद्दल मला त्या पायलटांचं फार वाटतं.

जेन्किन्सनी आधी एक प्लाटून टेकडीकडे पाठवली आणि बाकीच्यांना जागा सांभाळायला ठेवलं. एका प्लाटूननं टेकडी हलेना. मग त्यांनी माघार घेऊन विमानांना टेकडीवर मारा करायला लावला, पूर्ण कंपनी एकत्र केली आणि टेकडी घेतली. हे लिहायला दोन ओळी लागतात पण त्यात अख्खी सकाळ गेली आणि ती सकाळ परत मिळणार नव्हती, कारण प्लॅनप्रमाणे एच कंपनी तोपर्यंत किनाऱ्याकडून येणाऱ्यांना जाऊन मिळायला हवी होती.

प्रश्न : टेकडी घेतल्यावर मामला संपायला हवा होता ना?

नाही, उलट तिथून जास्त वाईट झालं. किनाऱ्याकडून आलेल्या आय कंपनीनं आन कुओंग (२) गाव घरोघर लढून घेतलं, त्यात त्यांचे कमांडर कॅप्टन ब्रूस वेब मारले गेले. एच कंपनीची समजूत झाली की नाम येन (३) आणि आन कुओंग (२) ही दोन्ही गावं आता साफ झाली आहेत. जेन्किन्स पाच रणगाडे आणि तीन ऑन्टोस (तोफा लावलेल्या छोट्या चिलखती गाड्या) घेऊन दोन्ही गावांच्या मधून उघड्या भातखाचरांत शिरले. आणि मागून, बाजूनं, सगळीकडून गोळीबार सुरू झाला. साफ झालेलं गाव साफ झालेलंच नव्हतं, किंवा साफ झालं होतं आणि पाठ फिरल्यावर भुयारातून परत भरलं होतं. चिखलात रणगाड्यांना हलायला जागा नाही, त्यांनी कडं केलं, माणसं बांधांच्या आडोशाला. जखमींना न्यायला हेलिकॉप्टर आलं ते एका प्लाटूनच्या मधोमध उतरलं आणि ती प्लाटूनच कंपनीपासून तुटली. शेवटी दुपारी साडेचारच्या सुमारास एच कंपनी परत ब्लूवर आली. सकाळी जिथे उतरले तिथेच.

त्या भागातली गावं म्हणजे नुसती घरं नव्हेत. प्रत्येक गावाभोवती निवडुंग आणि बांबूची दाट कुंपणं, कुंपणाच्या आत खंदक, खंदकातून भुयार, भुयाराचं तोंड कुठे चुलीजवळ तर कुठे विहिरीच्या बाजूला. दहा फुटांवरून पण काही दिसत नाही. मरीन समोरच्या कुंपणाकडे बघत असायचे आणि गोळी आधी ओलांडलेल्या कुंपणातून यायची.

प्रश्न : रसदीच्या काफिल्याचं काय प्रकरण आहे? सगळीकडे त्याचा उल्लेख येतो.

येतो कारण तिथे अख्ख्या प्लॅनचं दुखणं एका जागी दिसतं. दुपारच्या सुमारास पाच अ‍ॅमट्रॅक आणि ज्वाला फेकणारे तीन रणगाडे पुढच्या कंपन्यांना पाणी-दारूगोळा पोचवायला निघाले आणि वाट चुकले. नकाशात जी वाट दिसते ती खाचरांमध्ये जाऊन विरते, दोन्हीकडे उंच कुंपणं, पुढे काय आहे दिसत नाही. तिथे व्हिएतकाँगनी त्यांना गाठलं, रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफा आणि मॉर्टर, आणि मग पायदळ अगदी गाड्यांपर्यंत आलं.

त्यात रेडिओवाला घाबरून मदत मागत राहिला आणि त्यानं माइकचं बटण दाबून धरलेलं सोडलंच नाही. तासभर ती फ्रीक्वेन्सी त्याच्या आवाजानं भरलेली, मुख्यालयाला ऐकू येतंय की माणसं मरतायत पण त्याला विचारता येत नाही की तू आहेस कुठे. हे वाचल्यावर मला त्या मुलाचा राग येत नाही. विशीतलं पोरगं असेल, लोखंडी पेटीत बंद, बाहेर स्फोट होतायत. पण त्या एका बटणामुळे मदत पाठवणाऱ्यांना नेमकी जागा कळेना आणि वेळ गेला.

म्युअरनी मदतीची तुकडी बनवली, बटालियनचे दोन नंबरचे अधिकारी मेजर अँड्र्यू कोमर, त्यांच्यासोबत आय कंपनीची उरलेली माणसं, म्हणजे सकाळीच कमांडर गमावलेली दमलेली कंपनी, आणि एक एम-४८ रणगाडा. ते निघाले आणि थोड्याच वेळात त्यांच्यावरच छापा पडला, रणगाड्याला फटका बसला. म्हणजे वाचवायला निघालेल्यांना वाचवायची वेळ. काफिल्यापर्यंत त्या दिवशी कोणी पोचलं नाही, गाड्यांतली माणसं दिवसभर आणि रात्रभर आपापलं लढत राहिली.

प्रश्न : हे अ‍ॅमट्रॅक आणि ऑन्टोस काय प्रकार आहे?

अ‍ॅमट्रॅक म्हणजे एलव्हीटीपी-५, पाण्यात तरंगत येऊन किनाऱ्यावर चढणारी पट्ट्यांची मोठी गाडी, आत तीसेक माणसं बसतात. अडचण अशी की तिच्या पेट्रोलच्या टाक्या तळाशी, म्हणजे सुरुंगावर गेली की खालून आग. म्हणून व्हिएतनाममध्ये मरीन आत बसायच्या ऐवजी छतावर बसून जायचे, गोळी लागायची शक्यता जास्त पण जळून मरायची कमी. ऑन्टोस ही छोटी चिलखती गाडी, वर सहा १०६ मिमीच्या रिकॉइललेस तोफा, मारा जबरदस्त. पण तोफा परत भरायला माणसाला गाडीबाहेर यावं लागायचं, आणि गोळीबार चालू असताना बाहेर येणं म्हणजे काय ते सांगायला नको.

प्रश्न : राखीव बटालियन कधी आली?

त्याच दिवशी. ती हेलिकॉप्टर वाहक जहाज इवो जिमावर होती, खास हेलिकॉप्टरसाठीच बांधलेलं हे अमेरिकेचं पहिलं जहाज. मोहिमेची तारीख ठरवतानाच हे जहाज सुबिकहून कधी पोचेल याचा हिशोब केला होता. १८ च्या दुपारनंतर तिच्या कंपन्या हेलिकॉप्टरनं उतरायला लागल्या, एक कंपनी रात्रीत समुद्रातून ग्रीन बीचवर आली. माझ्या मते समुद्र आणि हेलिकॉप्टर एकत्र वापरायचा खरा फायदा इथे दिसला, सकाळच्या गाजलेल्या उतरण्यात नाही. बेत फिसकटल्यावर काही तासांत ताजी माणसं हव्या त्या जागी आणता आली, ही गोष्ट व्हिएतकाँगना त्या काळात कधीच शक्य नव्हती.

प्रश्न : मग चहूबाजूंनी वेढून पण गनिम निसटले कसे?

रात्री. १९ तारखेला सकाळी साडेसातला मरीननी सगळ्या बाजूंनी दाबायला सुरुवात केली तेव्हा काही ठिकाणी कडवा प्रतिकार झाला पण बहुतेक खंदक रिकामे होते. उरलेले भुयारांत. रेजिमेंटची मोठी संख्या रात्रीच निघून गेली होती. पश्चिमेकडच्या तीन उतरण्याच्या जागांमधली जी फट मी वर सांगितली तिथून माणसं जायची, आणि जी माणसं त्या मातीत वाढली त्यांना अंधारात कुठल्या बांधावरून जायचं ते कोणी शिकवायची गरज नव्हती. हेलिकॉप्टर तुम्हाला दुसऱ्या बाजूला नेऊन सोडतं, पण रात्री प्रत्येक बांधावर उभं राहायला शेवटी पायदळच लागतं आणि ते तेवढं नव्हतं.

प्रश्न : शेवटी जिंकलं कोण?

अमेरिकन आकडे असे, व्हिएतकाँगचे ६१४ मृतदेह मोजले, ९ कैदी, ४२ संशयित, १०९ हत्यारं, आणि स्वतःचे ४५ ठार, २०३ जखमी. व्हिएतनाम याला वान तुओंगचा विजय म्हणतं, त्यांच्याकडे अमेरिकेचे ९०० च्या वर सैनिक मारल्याचा दावा आहे, रणगाडे आणि हेलिकॉप्टर उडवल्याचा पण. तो ९०० चा आकडा मला अजिबात पटत नाही, मरीनच्या मृतांची नावानिशी नोंद आहे. पण अमेरिकन आकडा पण जसाच्या तसा गिळू नका. ६१४ मृतदेह आणि हत्यारं फक्त १०९, याचा अर्थ बाकीची हत्यारं मागे उरलेले घेऊन गेले असं एक उत्तर आहे, आणि मेलेल्यांमध्ये सगळेच सैनिक नव्हते असं दुसरं. दोन्ही थोडंथोडं खरं असणार.

लढाई म्हणून बघितलं तर मरीन जिंकले. चू लायवरचा हल्ला टळला, रेजिमेंटच्या ६० आणि ८० क्रमांकाच्या बटालियनना मोठा फटका बसला. त्यात वैयक्तिक शौर्य पण खूप होतं, आय कंपनीचे कॉर्पोरल रॉबर्ट ओमॅली खंदकात उडी मारून लढले आणि तीनदा जखमी होऊन पण आपली माणसं निघेपर्यंत मागे हटले नाहीत, व्हिएतनाममध्ये मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेले ते पहिले मरीन. एच कंपनीचे लान्स कॉर्पोरल जो पॉल जखमी साथीदार आणि शत्रू यांच्या मधे जाऊन उभे राहिले, ते वाचले नाहीत, त्यांना मरणोत्तर तेच पदक.

प्रश्न : गावकऱ्यांचं काय झालं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात म्हणून ज्यांनी विचारला त्यांचे आभार. त्या सगळ्या गावांमध्ये माणसं राहत होती. १८ टन बॉम्ब आणि नापाम, समुद्रातून क्रूझरच्या तोफा, मग घरोघर लढाई, यात गावं जळली आणि साधी माणसं मेली. मोहीम गुप्त ठेवायची म्हणून आधी कोणाला हलवणं शक्यच नव्हतं. ग्रीन बीचवर मारा कमी ठेवला तो गाव जवळ म्हणून, म्हणजे ठरवणाऱ्यांना प्रश्न दिसत होता. पण आन कुओंग (२) आणि नाम येन (३) मध्ये लढाई पेटल्यावर तो विचार मागे पडला. आणि हाच क्वांग न्गाई प्रांत पुढच्या वर्षांत परत परत भरडला गेला, मार्च १९६८ चं मी लाय हत्याकांड याच प्रांतात, वान तुओंगपासून दक्षिणेला फार लांब नाही. गनिम गावात राहतो म्हणून गावच शत्रू समजायला लागलं की कुठे जाऊन पोचतो ते या प्रांतानं बघितलं.

प्रश्न : ती व्हिएतकाँग रेजिमेंट संपली का मग?

नाही. लगेच पुढच्या महिन्यात, ७ ते १० सप्टेंबरला, मरीननी थोडं दक्षिणेला बातांगान द्वीपकल्पावर पिरान्हा नावाची अशीच समुद्र-हेलिकॉप्टर मोहीम काढली, रेजिमेंट तिथे सापडेल या आशेनं. गावकऱ्यांनी सांगितलं की व्हिएतकाँग इथे होते पण निघून गेले, काही तर चोवीस तासही झाले नव्हते. आणि १७ नोव्हेंबर १९६५ ला याच पहिल्या रेजिमेंटनं हिएप डुक हे जिल्ह्याचं ठाणं घेतलं. म्हणजे ‘संपवलेली’ रेजिमेंट तीन महिन्यांत परत हल्ला करत होती. माणसं गेली ती नवीन आली, अनुभवी अधिकारी उरले होते, संघटना तशीच होती. बातांगानवर मरीनना १९६९ मध्ये परत समुद्र आणि हेलिकॉप्टर दोन्ही घेऊन उतरावं लागलं.

प्रश्न : दोन्ही बाजू यातून काय शिकल्या?

व्हिएतकाँगना कळलं की अमेरिकनांशी उघड्यावर, एका जागी रेजिमेंट ठेवून, दिवसा भिडायचं नाही, आणि समुद्राजवळ तर नाहीच कारण जहाजांच्या तोफा पोचतात. लढायचं तर इतक्या जवळून की त्यांना विमान आणि तोफ वापरताच येऊ नये. शिवाय अमेरिकनांना मारता येतं हा विश्वास त्यांना आला, वान तुओंगनंतर त्यांच्याकडे ‘अमेरिकन शोधून मारा’ ही घोषणाच चालली.

अमेरिकन बाजूनं मरीन खालच्या पातळीवर बरंच शिकले, काफिल्याला पायदळाची सोबत हवीच, ओलांडलेलं गाव परत तपासायचं, पाणी जास्त न्यायचं कारण ऑगस्टच्या उन्हानं पण माणसं पडत होती. पण वरच्यांनी जे घेतलं ते चुकीचं घेतलं असं माझं स्पष्ट मत आहे. मृतदेह मोजून जय ठरवायचा, आणि शत्रूची मोठी तुकडी शोधून ठेचली की युद्ध संपेल, हा समज अशा पहिल्या विजयांमुळे पक्का झाला. नोव्हेंबरमध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात लष्कराच्या हेलिकॉप्टर डिव्हिजननं मोठी लढाई दिली, तिथे पण मेलेल्यांचाच आकडा मोजला गेला. आणि स्टारलाइटनंतर मरीन वान तुओंगमधून निघून गेले. जागा धरून ठेवायला माणसंच नव्हती.

प्रश्न : भारतात तेव्हा याची दखल घेतली गेली का?

फारशी घेतली जाणं अवघड होतं. त्याच ऑगस्ट १९६५ मध्ये पाकिस्तानचे घुसखोर काश्मीरमध्ये शिरत होते, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री, आणि सप्टेंबरमध्ये आपलंच युद्ध पेटलं.

प्रश्न : आपल्या सैन्यानं असं कधी केलंय का?

सगळ्यात जवळचं म्हणजे श्रीलंकेतलं ऑपरेशन पवन, १९८७. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या परिसरात एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या नेत्यांना पकडायला एमआय-८ हेलिकॉप्टरनं १० पॅराचे कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीची एक प्लाटून उतरवली. एलटीटीईला आधीच कळलं होतं, ते वाट बघत होते. हेलिकॉप्टरांवर इतका मारा झाला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या आणि शीख लाइट इन्फंट्रीचे उतरलेले तीस जण एकटे पडले. त्यातले २९ गेले. लँडिंग झोन ब्लूवर जे होता होता राहिलं ते जाफन्यात पूर्ण झालं. फरक एवढाच की जेन्किन्सच्या मागून माणसं येत राहिली, विमानं होती, रणगाडे पोचले, आणि आपल्या त्या तीस जणांच्या मागून कोणीच येऊ शकलं नाही. हे लिहिताना जड जातं.

त्याच मोहिमेत समुद्राच्या बाजूनं मात्र चांगलं काम झालं, नौदलाच्या कमांडोंनी, ज्यांना आपण आज मार्कोस म्हणून ओळखतो, जाफन्याच्या गुरुनगर जेट्टीवर पाण्यातून जाऊन छापा मारला. ही तुकडी तेव्हा नवीच होती, १९८७ मध्येच उभी राहिली, आणि त्यांचा तळ आयएनएस अभिमन्यू आपल्या मुंबईत.

प्रश्न : व्हिएतनामनं शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वापरून अमेरिकेला हरवलं, हे खरं आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर येतं.

दर वर्षी शिवजयंतीला हा मेसेज फिरतो, व्हिएतनामचा नेता म्हणाला आम्ही शिवरायांकडून शिकलो, त्याच्या समाधीवर तसं लिहिलंय वगैरे. पुरावा काही नाही. हो ची मिन्ह यांचं पार्थिव हनोईत जतन करून ठेवलेलं आहे, लाखो लोक जाऊन बघतात, तिथे असं काहीही लिहिलेलं नाही. व्हिएतनामी लोकांकडे स्वतःचा इतिहास भरपूर आहे, १२८८ मध्ये चान हुंग दाओनं बाख डांग नदीत खुंट रोवून मंगोल आरमार बुडवलं, पंधराव्या शतकात ले लोईनं दहा वर्षं डोंगरातून लढून मिंग चिन्यांना घालवलं. शिवाय माओचं लिखाण आणि फ्रेंचांशी झालेली लढाई. महाराजांचं मोठेपण त्यांच्या स्वतःच्या कामात आहे, प्रतापगड आणि पुरंदर समजून घ्यायला व्हिएतनामच्या सर्टिफिकेटची गरज नाही. तुलना करायची तर जरूर करा, मुलूख ओळखीचा असणं आणि रयत बाजूनं असणं या दोन गोष्टी दोन्हीकडे आहेत, पण तुलना वेगळी आणि ‘त्यांनी कॉपी केलं’ वेगळं.

प्रश्न : ती जागा आज नकाशावर कुठे शोधायची?

क्वांग न्गाई प्रांताच्या उत्तरेला किनाऱ्यावर झुंग क्वात शोधा, तिथे व्हिएतनामची पहिली तेल रिफायनरी आहे, २००९ पासून चालू. वान तुओंग त्याच औद्योगिक पट्ट्यात येतं, तिथे लढाईचं स्मारक आणि छोटं संग्रहालय आहे, अर्थात व्हिएतनामी बाजूनं मांडलेलं. दा नांगहून रस्त्यानं जाता येतं, वाटेत चू लाय लागतं आणि तिथला विमानतळ आजही चालू आहे, आता तिथे प्रवासी विमानं उतरतात. उपग्रह नकाशावर झूम करून बघितलंत तर खाचरं आणि गावांची कुंपणं अजून दिसतात, एच कंपनी कुठे अडकली असेल याचा अंदाज त्यावरून बराच चांगला येतो.